काकणांचा बंद

डोंबिवलीला आमच्या बिऱ्हाडात पडदा एकच होता, आणि तो ना दाराला होता ना खिडकीला. बाहेरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात, गॅलरीतून जाणाऱ्याने सहज मान वळवली तरी दिसेल असा, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तो पडदा सुतळीवर टांगलेला असे. त्याच्याआड एक चटई, एक तांब्या आणि एक ताट. महिन्यातले ते दिवस मी तिथे बसायचं.

कोकणात, सासरच्या घरी, यासाठी पडवीच्या टोकाला वेगळी खोली होती. तिथे बाई बाजूला बसली तर घरच्यांपलीकडे कुणाला पत्ता लागत नसे. सासरे तिकडेच राहून घरदार सांभाळत, आणि सासूबाई लेकाच्या जेवणाखाणाची आबाळ नको म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. येताना शिवाशीव सगळी बरोबर घेऊन आल्या. पण इथे खोल्या दोनच. आतल्या खोलीत चूल, पाणी आणि देव, तिथे माझी सावलीही चालायची नाही. मग राहिली बाहेरची खोली. म्हणजे पाळायचं ते असं की चाळीतल्या झाडून सगळ्यांना कळावं. पडदा ओढलेला दिसला की दारात आलेला माणूस आवाज खाली आणायचा. मला त्या खाली आणलेल्या आवाजाचा असा संताप यायचा की वाटे, आतूनच ओरडून सांगावं, मेले नाहीये मी, जोरात बोला.

एरवी तो पडदा नुसताच लोंबत असे. खिडकीचा उजेड अडवायचा, केर काढताना तोंडावर यायचा. एकदा चिडून मी त्याला गाठ मारली, तर सासूबाई म्हणाल्या, "गाठ मारू नये, लुगडं विरलेलं आहे, फाटेल." बरं बाई, गाठ नको. मग पडदा भिंतीशी ओढून धरायला मी बंद करायला घेतला. करायला हाताशी दुसरं काही नव्हतंच. हे सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेले की दिवस खायला उठायचा.

पहिला बंद जुन्या परकराच्या नाडीचा. तो निसटायचा. मग नारळाची सोडणं भिजत घातली, बडवली, त्यांचा काथ्या काढून माहेरी वळतात तशी बारीक वेणी वळली. ती घट्ट बसली, पण लुगड्याला टोचून धागे काढायला लागली. अडकवायला खिळा होता, तोही गंजून डाग पाडायचा. त्याच सुमाराला यांची छत्री मोडली. मूठ वेताची, सुरेख वळलेली, टाकायला जीव होईना. मी ती दांड्यापासून कापून घेतली, भिंतीत भोक पाडून लाकडाचा गट्टू ठोकला आणि त्यात मूठ पक्की बसवली. हे घरी आले, भिंतीतून बाहेर आलेली आपली छत्री बघितली आणि म्हणाले, "पावसात आता भिंत घेऊन जायची का?" हा माणूस बोलतच नसे, आणि बोलला की असं.

मुठीवर अडकवायला शेवटी मनासारखा बंद जमला तो काकणांचा. काकणं भरताना जुनी न फुटता हातातून निघाली तर ती बायका ठेवून देतात, चांगलं काकण टाकवत नाही. माझ्या लग्नातल्या हिरव्या चुड्यातली काही तशीच डब्यात पडून होती. करवंटीचे तुकडे विहिरीच्या कट्ट्यावर घासून त्यांच्या गुळगुळीत चकत्या केल्या, तापवलेल्या सळईने भोकं पाडली, आणि लाल दोऱ्याच्या वेणीत एक काकण, एक चकती, परत काकण असं ओवत गेले. पडद्याला मधोमध वेढा घालून तो बंद छत्रीच्या मुठीवर टाकला की लुगड्याला छान चुण्या पडत आणि खिडकीचा उजेड थेट दारापर्यंत येई. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "काकणं अशी टांगायची नसतात," एवढंच म्हणाल्या. पण काढ म्हणाल्या नाहीत.

चाळीत त्या बंदाचं फार कौतुक झालं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना मी दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचा करून दिला, दुसऱ्या एकींना रिठ्यांचा. येणारी-जाणारी दारात थांबून माझा बंद बघायची. मी फुशारून गेले होते, आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मुठीवरून तो बंद काढला की काकणं किणकिणत. आवाज असा स्वच्छ की दोन बिऱ्हाडं पलीकडे ऐकू जायचा. तो वाजला की समोरच्या बाई स्वतःशी 'च्च' करत, तेही मला ऐकू यायचं. लग्नाला माझ्या तीन वर्षं होत आलेली आणि दर महिन्याला काकणं वाजत होती. म्हणजे या महिन्यातही काही नाही, हे चाळीला कळवायची सोय मीच माझ्या हातांनी करून ठेवली होती.

हे सगळं ज्यांच्या कानावर जायला नको होतं त्या कल्याणला तलावाजवळ राहायच्या. यांच्या आत्या. आमची डोंबिवलीची जागा त्यांच्या यजमानांच्या ओळखीने मिळालेली, यांची नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागलेली, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. सासूबाईंच्या त्या थोरल्या नणंद. सासूबाई त्यांना 'वन्सं' म्हणत आणि त्या आल्या की पाटावरसुद्धा अंग चोरून बसत. समोरच्या बाई बाजाराला कल्याणला जात आणि येताना आत्याबाईंकडे डोकावून येत. आमची खबर तिकडे जायला पत्राची गरज नव्हती.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आत्याबाई आल्या. कैरीची डाळ खाऊन झाली, वाटी खाली ठेवली आणि माझ्यादेखत सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, श्रावणातल्या शुक्रवारी मी तुमच्याकडे सवाष्ण म्हणून येते. तोवर बघू. नाहीतर हिला माहेरी नेऊन पोचवू. पोराचं आयुष्य असं किती दिवस टांगून ठेवायचं?"

दुसरं लग्न तसं करता येत नव्हतं, कायदा झाला होता. पण बायकोला माहेरी पोचवायला कुठला कायदा आडवा येत नाही. अशा पोचवलेल्या बायका मी आमच्या गावात बघितल्या होत्या. एक तर आमच्या शेजारीच होती. भावजयीच्या हाताखाली राबायची, सणाला मागच्या दारी बसायची, कुणी नवऱ्याचं विचारलं की चुलीत फुंकर घालायला लागायची. माझे वडील गेलेले, घर भावाचं. पोचवलं तर मला त्या मागच्या दारी बसायचं होतं, जन्मभर.

मी यांना विचारलं, "तुम्ही काही बोलणार आहात का?"

"बघू," म्हणाले.

या माणसाने 'बघू' या एका शब्दावर संसार केला. मी त्या दिवशी यांच्या ताटात भाजी अशी वाढली की अर्धी जमिनीवर पडली. तरी मूग गिळून बसले ते बसलेच.

आणि मग आषाढात माझा पडदा सुटला नाही. दिवस वर गेले, आणखी वर गेले, महिना उलटला तरी काकणं मुठीवर गप्प. मी कुणाला काही बोलले नाही, बोलायची भीतीच वाटत होती. पण चाळीला सांगावं लागतच नव्हतं. समोरच्या बाई येता-जाता बंदाकडे बघायच्या, मग माझ्या पोटाकडे, आणि हसायच्या. सासूबाईंनी मला विहिरीवर जाऊ देणं बंद केलं. कळशी उचलायच्या आणि स्वतः जायच्या. यांनी एके दिवशी खिशातून आवळासुपारीची पुडी काढून फळीवर ठेवली आणि कोणी आणली हे आपल्याला ठाऊकच नाही अशा चेहऱ्याने पेपर उघडला. मला हसूही आलं आणि रडूही. मी रोज सकाळी उठले की आधी तो बंद बघायची. त्याला हात लावायची नाही, केर काढतानासुद्धा लांबून काढायची, न जाणो, निसटला तर.

आत्याबाईंना खबर पोचायची ती पोचलीच. निरोप आला की शुक्रवारी येते, पुरण घाला.

त्या शुक्रवारी हे ऑफिसला गेले. सासूबाई मोरीवर आंघोळीला गेल्या होत्या. मी चण्याची डाळ निवडायला घेणार एवढ्यात कंबरेतून कळ आली. मला लगेच कळलं. तरी मी तशीच बसून राहिले, जणू हललं नाही तर झालेलं होणार नाही. दिवस राहिले होते की नुसतेच पुढे गेले होते, ते मला आजही ठाऊक नाही. मग उठले, आतल्या खोलीतून बाहेर आले आणि पडद्यापाशी उभी राहिले. बंद काढायला हात वर केला आणि तो काढवेना. काकणं वाजली की समोर ऐकू जाणार. आत्याबाई यायच्या वाटेवर असणार. त्या दारातून आत येतील आणि पहिली नजर या ओढलेल्या पडद्यावर जाईल, मग काही बोलायचीसुद्धा गरज उरणार नाही.

सासूबाई ओलेत्याने आत आल्या. माझा हात वर तसाच बघितला आणि थांबल्या.

"अगं, काय झालं?"

मी म्हटलं, "शिवू नका मला."

त्यांना कळलं. या बाईचं सोवळं काय सांगू. माझ्या त्या दिवसांत मी पडद्याआडून पोस्टकार्ड दिलं तर त्या त्याच्यावर पाणी शिंपडून मग उचलायच्या. शाई पसरून अक्षरं वाचता यायची नाहीत, तरी शिंपडायच्या. मी वाट बघत होते की आता त्या कपाळाला हात लावतील, किंवा रडतील, किंवा मला बोल लावतील. त्या सरळ जाऊन सोवळं नेसून आल्या. बाहेर गॅलरीत समोरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, तिकडे एकदा बघितलं. मग पुढे झाल्या आणि त्यांनी माझा वर धरलेला हात मनगटाशी पकडला. विटाळात त्यांनी मला शिवल्याची ती पहिली वेळ. हात गार होता आणि पकड इतकी घट्ट की माझं एक काकण वाढवलं.

"खाली घे," त्या हळूच म्हणाल्या. "आज तू बसलेली नाहीस."

"अहो पण जिवतीची पूजा आहे, पुरण आहे, आत्याबाई माझ्या हातचं..."

"पुरण मी घालते. नैवेद्य मी दाखवते. वाढशील तू. नाही वाढलंस तर वन्सं पहिला प्रश्न तोच विचारतील." आणि मग त्यांनी मला ढकलल्यासारखं केलं. "आधी जा, नीट कपडा घे. आणि तोंड धू. रडलेली दिसू नकोस."

मी मोरीवरून आले तर पडद्यामागची चटई, तांब्या आणि ताट गायब. सासूबाई आपली जाडजूड ट्रंक एकट्या ओढत त्या कोपऱ्यात नेत होत्या. ट्रंक लावली, तिच्यावर गव्हाचं पोतं टाकलं. मग पडद्याच्या चुण्या नीट केल्या, बंद मुठीवरून काढला आणि परत अडकवला, मुद्दाम, असा आपटून की काकणं खणखणली. समोरच्या बाईंनी वळून बघितलं. पडदा बांधलेला होता.

"झाडत होते हो," सासूबाई त्यांना म्हणाल्या.

आत्याबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत खण आणि नारळ. आत पाऊल टाकताच त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं.  त्या थेट पडद्यापाशी गेल्या आणि एका बोटाने बंद हलवून बघितला.

"हेच ते होय? फार ऐकलं होतं." मग मान वाकडी करून पलीकडे डोकावल्या. "कोपरा भरून टाकलात, वहिनी?"

"रिकामा कशाला ठेवायचा, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. पण मी खाली बघितलं, तर त्यांच्या पायाची बोटं जमीन धरून होती.

जिवतीच्या चित्राला आघाड्याची आणि दुर्वांची माळ घातली होती. सासूबाईंनी पूजा केली. मुलगा घरी नसला की आईने त्याच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात. त्यांनी त्या टाकल्या, आणि थोड्या अक्षता माझ्या अंगावर आल्या. चुकून आल्या की कशा, मी विचारलं नाही. मी दाराशी उभी होते, देवाकडे न बघता.

मग मी वाढलं. आयुष्यात वाढणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. कंबर फुटत होती, मागे कपड्याला काही लागलं असेल का या धास्तीने मी भिंतीला पाठ लावून सरकत होते. आत्याबाई पाटावर मांडी घालून बसल्या होत्या आणि प्रत्येक घासाला माझा चेहरा बघत होत्या. "वाक जरा बेताने," म्हणाल्या, "या दिवसांत सांभाळावं लागतं." मी पोळीवर तूप वाढलं. धार ताटाबाहेर गेली. सासूबाई झटकन म्हणाल्या, "सकाळपासून तिला मळमळतंय." ते खरंच होतं, भीतीने मळमळत होतं.

ज्या बाईच्या घरी विटाळशीने टाकलेलं पाऊल गोमूत्राने धुतलं जायचं, ती बाई माझ्या हातची पुरणपोळी मागून घेत होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आवरलं नसतं.

"तुमचं पान नाही मांडलं, वहिनी?" आत्याबाईंनी विचारलं.

"मला आज नको. पोट ठीक नाही," सासूबाई म्हणाल्या. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

निघताना आत्याबाईंनी खण-नारळ माझ्या ओटीत घातला. "नीट राहा," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. माहेरी पोचवायचा शब्द निघाला नाही. त्या जिन्यावरून खाली उतरल्या, रस्त्याला लागल्या, दिसेनाशा झाल्या, तोवर आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. मग सासूबाईंनी मोरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मला वाटलं, आता चटई टाकायला सांगतील. त्यांनी खिडकीपाशी जाऊन सुतळी सोडली, लुगडं खाली ओढलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

"याची गोधडी शिव."

"मग मी बसायचं कुठे?"

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "पडदा असला की लोक बघतात."

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही कल्याणला गेलो, तेव्हा आत्याबाईंनी माझ्या सपाट पोटाकडे बघून भुवया वर केल्या. मी घाबरले. सासूबाईंनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "राहिलं नाही हो, वन्सं. नजर लागली कुणाची तरी. श्रावणात कोपऱ्यात वाकून बघून गेलं होतं ना कुणी." आत्याबाईंचा चेहरा पडला. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मूल पुढे झालं, मुलगी, बऱ्याच उशिराने, पण तोवर मला माहेरी पोचवायचं नाव कुणी घेतलं नाही.

हे झालं आत्याबाईंचं. पण सासूबाईंनी हिशेब स्वतःशी वेगळा मांडला होता, तो मला लगेच कळला नाही. त्याच वर्षी, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, त्या मला आघाड्याच्या काड्या घेऊन मोरीकडे जाताना दिसल्या. ऋषिपंचमी होती. विटाळात हातून नकळत शिवाशीव होते, त्याचं पाप जावं म्हणून बायका हे व्रत करतात. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. पण सासूबाईंनी या व्रताचं उद्यापन कोकणात असताना कधीच केलं होतं, मी त्या वेळी पुऱ्या लाटल्या होत्या.

"अहो, तुमचं तर उद्यापन झालंय," मी म्हटलं.

"गप्प बस. ऋषीची भाजी शिजत टाक," त्या म्हणाल्या.

पुढल्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. सण सोडतील पण हा उपास नाही. दर महिन्याला मी घरात मोकळी वावरायची, स्वयंपाक करायची, आणि त्या वर्षाकाठी एकदा ती मिठाची चिमूट न घातलेली भाजी खाऊन बसायच्या. मी किती वेळा म्हटलं, आता पुरे.  भिंतीतली छत्रीची मूठ आणि तिच्यावरचा काकणांचा बंद त्यांनी कधी काढू दिला नाही. पडदा नव्हता, तरी तो तिथेच लटकत असे.

शेवटच्या वर्षी त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मुली, आघाड्याच्या काड्या आणल्यास का?"

मी त्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "या वर्षी तुम्ही नको. मी धरते उपास. विटाळ माझा होता ना."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, बंदाकडे.

"ते व्रत नकळत झालेल्याला असतं," म्हणाल्या. "मी तर सगळं कळून केलं. एका वर्षात कसं फिटेल? तू नको धरूस. बंद मी अडकवला होता."

मी काड्या आणायला खाली गेले.